हाडाचे मुद्दल : दंतरोपणापूर्वीच्या अस्थिरोपणाविषयी दोन शब्द

(रुग्णालयाच्या दंतविभागाने आयोजित केलेल्या रुग्ण व देणगीदार मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दंतविभागाच्या मेळाव्यात डॉक्टरांऐवजी प्रशासकाला बोलावयास उभे केले, याचे आपणांपैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च, ताळेबंद, घसारा आणि राखीव निधी ही माझी परिभाषा. परंतु आमचे विभागप्रमुख मला म्हणाले, "साहेब, जबड्यात हाड भरण्याविषयी आम्ही बोललो की लोकांना ती जाहिरात वाटते. तुम्ही बिलही करता आणि आमच्या खुर्चीतही बसून गेला आहात. तुम्हीच बोला." त्यांचे म्हणणे मला मोडवले नाही. म्हणून हे वैद्यकीय व्याख्यान नव्हे. एका रुग्णाचे आणि एका हिशेबनिसाचे हे मनोगत आहे. त्यातील शास्त्राचा भाग आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे. त्यातूनही काही चूक राहिली असल्यास ती माझी समजावी.

प्रथम माझीच गोष्ट सांगतो. २००३ साली, मी दुसऱ्या गावी नोकरीस असताना, माझी खालची डावी दाढ किडून निकामी झाली. एका दवाखान्यात ती काढून घेतली. दहा मिनिटांचे काम. कापसाचा बोळा दाताखाली धरून, पैसे चुकते करून मी घरी आलो. तीन दिवसांत दुखणे थांबले आणि मी प्रकरण मिटले असे समजून खाते बंद केले. उरलेल्या बाजूने चावता येत होते. एक दाढ गेली म्हणून कोणाचे अडते? पुढे या रुग्णालयात आलो, वर्षे गेली, पलीकडच्या बाजूच्या दाढाही कुरकुरू लागल्या, तेव्हा रिकाम्या जागी इम्प्लान्ट बसवून घ्यावे असा विचार केला. आमच्याच विभागात जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, ज्याला सीबीसीटी म्हणतात, तो काढला. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर मला माझा जबडा दाखवला. इतर दातांपाशी हाड भरदार होते. त्या एका ठिकाणी मात्र ते सुरीच्या पात्यासारखे निमुळते झाले होते. डॉक्टर म्हणाले, "इथे स्क्रू बसायला जागाच नाही. आधी हाड भरावे लागेल, मग काही महिने थांबावे लागेल, मग इम्प्लान्ट."

मी विचारले, "हे हाड गेले कधी?" ते म्हणाले, "बहुतेक पहिल्या वर्षातच."

बंधुभगिनींनो, त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. दाढ गेली ते मला ठाऊक होते. हाड गेले ते वीस वर्षे ठाऊक नव्हते. व्याज थकले याची जाणीव असावी आणि मुद्दलच संपले याची नसावी, असा तो प्रकार होता.

आपण दात पाहतो, हाड पाहत नाही. जबड्याच्या ज्या भागात दातांच्या खोबणी असतात, तो भाग शेतातल्या वरंब्यासारखा उंच असतो. हा वरंबा जणू दातांसाठीच असतो. दात येताना तो घडतो, आणि दात गेला की शरीर तो हळूहळू मोडून टाकते. खोबणीच्या आतील हाडाचा पातळ थर दाताच्या मुळाशी सूक्ष्म तंतूंनी बांधलेला असतो. मूळच राहिले नाही की त्या थराला काम उरत नाही, आणि ज्या हाडाला काम नाही ते हाड शरीर पोसत नाही. त्यात ओठाच्या व गालाच्या बाजूची भिंत मुळातच नाजूक. पुढच्या दातांपाशी तर ती पुष्कळदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणून वरंबा बाहेरच्या अंगाने आत खचतो आणि उंचीनेही थोडा उतरतो.

माझी दाढ गेली त्याच २००३ साली डेन्मार्कमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर बारा महिन्यांत त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटते, आणि या घटीपैकी दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे त्यांना आढळले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे लगेच उमजेल. हा घसारा समान हप्त्यांनी होत नाही. घटत्या शिल्लक पद्धतीने होतो. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी रक्कम जाते, मग वेग मंदावतो. पण गेलेले आपोआप परत येत नाही.

आता इम्प्लान्टचे गणित पाहा. इम्प्लान्ट म्हणजे दाताचे कृत्रिम मूळ, टायटॅनियम धातूचा एक लहान स्क्रू. त्याची जाडी सामान्यतः चार मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या दोन्ही अंगांना निदान एक ते दीड मिलिमीटर सजीव हाड हवे. म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदीचा वरंबा पाहिजे. खोलीचीही अडचण असते. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून साधारण दोन मिलिमीटर अंतर राखावेच लागते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनस, म्हणजे जबड्याच्या हाडातील हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर खालून हाड झिजते आणि वरून ही पोकळी खाली उतरते. दोहोंच्या मध्ये कधीकधी दोन-तीन मिलिमीटरच हाड उरते. अशा जागी स्क्रू बसवणे म्हणजे भुसभुशीत मातीत खांब रोवणे.

या शास्त्राचा इतिहास मला आमच्या डॉक्टरांनी सांगितला. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचे एक छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढू गेले तर निघेना. हाड आणि धातू एकजीव झाले होते. या अडचणीतूनच पुढे दंतरोपणाचा मार्ग निघाला, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी कृत्रिम मुळे बसवली. योगायोग असा की त्याच १९६५ साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिले की खनिज काढून टाकलेल्या हाडातही असे काही द्रव्य असते की जे भोवतालच्या पेशींना नवे हाड घडवण्यास प्रवृत्त करते. एकाने हाडात मूळ कसे रुजते ते दाखवले, दुसऱ्याने हाड कसे जागे होते ते. आज खुर्चीत बसणाऱ्या रुग्णाला या दोन्ही शोधांचा लाभ मिळतो.

अस्थिरोपण, ज्याला आपण सर्रास 'बोन ग्राफ्ट' म्हणतो, त्याविषयी एक गैरसमज आहे. लोकांना वाटते की भिंतीत सिमेंट भरावे तसे डॉक्टर हाड भरतात आणि ते तिथे घट्ट बसते. तसे नाही. बहुतेक वेळा भरलेले द्रव्य हे मांडवासारखे असते. वेल मांडवावर चढते, तसे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि अस्थिपेशी त्या कणांच्या आधाराने आत शिरतात आणि नवे हाड घडवतात. मांडव डॉक्टर घालतात. वेल रुग्णाचीच असते. म्हणून वेळ लागतो.

हा मांडव चार प्रकारचा असतो. पहिला प्रकार रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा. ते हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागील भागातून, आणि फारच मोठी उणीव असेल तर कमरेच्या हाडातून घेतात. यात जिवंत पेशीही येतात, म्हणून हे रोपण आजही उत्तम प्रतीचे मानतात. परंतु दुसरी जखम सोसावी लागते, आणि हनुवटीतून हाड घेतल्यास तेथे काही काळ, क्वचित कायमची, बधिरता राहू शकते. दुसरा प्रकार मानवी दात्याच्या हाडाचा, जे अस्थिपेढीत प्रक्रिया करून ठेवलेले असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतिपेढी कार्यरत आहे आणि तेथील ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट होय. तिसरा प्रकार प्राण्यांच्या हाडाचा, बहुधा गाय-बैलांच्या. उष्णतेने वा रसायनांनी त्यातील सर्व सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवतात. तो फार सावकाश विरघळतो व जागा दीर्घकाळ धरून ठेवतो, म्हणून जगभर त्याचा मोठा वापर आहे. चौथा प्रकार प्रयोगशाळेत बनवलेल्या खनिजांचा : हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोअॅक्टिव्ह काच इत्यादी. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे.

कणांवर पुष्कळदा एक पातळ पडदा घालतात. हिरडी झपाट्याने वाढते आणि हाड सावकाश. पडदा नसेल तर हिरडीच्या पेशी मोकळी जागा आधीच बळकावतात. हा पडदा बहुधा कोलॅजनचा असतो, आणि ते कोलॅजन डुकराच्या किंवा गुरांच्या शरीरातून मिळवलेले असते. सायनसच्या ठिकाणी तर डॉक्टर पोकळीचे नाजूक अस्तर हलकेच वर उचलून त्याखाली कण भरतात. अमेरिकेतील डॉ. टेटम यांनी १९७० च्या दशकात या शस्त्रक्रियेची सुरुवात केली. ते अस्तर फाटू न देणे हेच तेथील खरे कौशल्य.

यानंतर वाट पाहावयाची. लहान उणीव असेल तर चार ते सहा महिने. सायनसमध्ये सहा ते नऊ महिनेही. त्यानंतर इम्प्लान्ट, पुन्हा काही महिने, आणि शेवटी वरचा दात, म्हणजे कॅप. आमच्या स्वागतकक्षात रोज कोणी ना कोणी विचारते, "लग्न पुढच्या महिन्यात आहे, तोवर दात बसेल ना?" पी हळद आणि हो गोरी, असे हाडाच्या बाबतीत चालत नाही. उणीव थोडी असेल तर हाड भरणे व इम्प्लान्ट एकाच वेळी करता येते. पण ते डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ठरवावयाचे, लग्नपत्रिका पाहून नव्हे.

मांडव घातला म्हणजे वेल येतेच असेही नाही. तंबाखू, मशेरी, विडी-सिगारेट यांनी हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि भरलेले हाड उघडे पडण्याचा धोका वाढतो. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम चिघळते. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिल्याशिवाय आमचे डॉक्टर तारीख देत नाहीत. पायोरिया चालू असेल तर आधी तो बरा करावा लागतो. ज्यांच्या जबड्यावर किरणोपचार झाले आहेत, किंवा ज्यांना हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे चालू आहेत, त्यांनी ही गोष्ट न लपवता प्रथमच सांगावी; त्यांच्या बाबतीत जबड्याची जखम न भरण्याचा गंभीर धोका असतो.

येथपर्यंतचे सारे आपणांस कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळेल. ज्यासाठी मी उभा राहिलो ती गोष्ट आता सांगतो. ती आमच्या रुग्णालयाला फारशी शोभणारी नाही. तरीही अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने सांगत आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. गळ्यात तुळशीची माळ, धुवट कपडे, बोलणे मोजके. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणू लागलो. त्यांच्या वरच्या जबड्यात हाड भरण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. जखम वेळेवर भरली. चार महिन्यांनी ते इम्प्लान्टच्या तपासणीसाठी आले, तेव्हा सोबत त्यांची नात होती. वाट पाहताना तिने केसपेपर चाळला. भरलेल्या द्रव्याच्या वेष्टनावरची चिठ्ठी आम्ही नियमाप्रमाणे त्यावर चिकटवली होती. त्या चिठ्ठीवरील एका इंग्रजी शब्दाचा अर्थ तिने आजोबांना सांगितला : गोवंशीय.

गुरुजी दंतविभागात गेले नाहीत. माझ्या खोलीत आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, माझ्या तोंडात काय भरले आहे?"

मी फाईल मागवली. त्यात त्यांच्या सहीचे संमतिपत्र होते. चार पाने, बारीक टाइप, संपूर्ण इंग्रजीत. त्यात 'रोपण द्रव्य' इतकाच उल्लेख होता. ते कशाचे, हे नव्हते. कागदोपत्री आमची बाजू भक्कम होती, आणि हिशेबनीस म्हणून मला प्रथम तेच सुचले. मी म्हणालो, "गुरुजी, आपण सही केली आहे." ते म्हणाले, "केली आहे. डॉक्टरांवर विश्वास ठेवून केली. शास्त्राला माझी ना नाही. तुम्ही विचारले असते, तर कदाचित मी हो म्हटलेही असते. पण ते हो म्हणण्याचा हक्क माझा होता; तो तुम्ही परस्पर वापरलात."

मी निरुत्तर झालो. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी शांतपणे सारे समजावले : त्या द्रव्यात आता सेंद्रिय असे काही नाही, केवळ खनिज आहे, प्रयोगशाळेतील द्रव्याचा पर्यायही तेव्हा होता. गुरुजींनी विचारले, "आता काढता येईल?" डॉक्टर म्हणाले, "ते कण आता तुमच्या हाडात मिसळले आहेत. काढायचे तर तुमचेच हाड काढावे लागेल."

पुढे वाचनात आले की अस्थिरोपणाची जी पहिली नोंद सांगितली जाते, ती १६६८ सालच्या एका डच ग्रंथात आहे. योब व्हान मेकेरेन या शल्यविशारदाने नोंदले आहे की रशियातील एका जखमी सरदाराच्या कवटीतील भगदाड कुत्र्याच्या हाडाच्या तुकड्याने बुजवले गेले. तो बरा झाला. पण धर्मपीठाने त्याला बहिष्कृत करण्याची धमकी दिली. तेव्हा त्याने तो तुकडा काढून घेण्याची विनंती केली, परंतु हाड एकजीव झाले होते, काढता येईना. हे वाचताना मला गुरुजींचा चेहरा आठवला. साडेतीनशे वर्षांत शस्त्रक्रिया किती पुढे गेली! आणि आम्ही मात्र संमतिपत्राच्या बाबतीत त्याच जागी उभे होतो.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या संमतीविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला आहे. उपचाराचे स्वरूप व हेतू, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगून मगच संमती घ्यावी, असा त्याचा आशय आहे. आमच्या दप्तरी त्या निकालाची प्रत होती. ती कपाटात होती, वागण्यात नव्हती.

गुरुजींनी इम्प्लान्ट न करण्याचे ठरवले. आम्ही रोपणाची पूर्ण रक्कम परत केली आणि त्यांना कवळी करून दिली. तक्रार त्यांनी कोठेही केली नाही. आम्ही नवे संमतिपत्र मराठीत तयार करावयास घेतले, तेव्हा मी संकोचत संकोचत त्याचा मसुदा त्यांच्याकडे नेला. त्यांनी लाल शाईने शुद्धलेखन तपासले, दोन लांब वाक्ये तोडून चार केली, आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : "मला हे न समजल्यास मी पुन्हा विचारीन, आणि मला पुन्हा सांगितले जाईल." ती ओळ आजही आमच्या संमतिपत्रावर आहे.

त्या पत्रात आता चार गोष्टी एका पानावर, मोठ्या अक्षरांत असतात. भरावयाचे द्रव्य कशाचे आहे : स्वतःचे, मानवी दात्याचे, कोणत्या प्राण्याचे, की प्रयोगशाळेतील. पडदा कशाचा आहे. एकूण खर्च किती आणि कोणत्या टप्प्यावर किती भरावयाचा. आणि न करावयाचे ठरवल्यास दुसरे मार्ग कोणते. हे मार्ग असतात, आणि ते सांगितले म्हणून रुग्णालयाचे नुकसान होत नाही. शेजारचे दात मजबूत असतील तर त्यांच्या आधाराचा ब्रिज. काढ-घाल करता येणारी कवळी. काही वेळा आखूड किंवा तिरके बसवलेले इम्प्लान्ट, ज्यामुळे हाड भरणे टळते. कोणी मांसाहार वर्ज्य मानतो, कोणाला डुकराचे निषिद्ध, कोणाला मृत माणसाच्या हाडाची कल्पनाच नकोशी, आणि पुष्कळांना यांपैकी कशाचेच काही वाटत नाही. रुग्णाच्या मनात काय आहे हे त्याच्या आडनावावरून ताडावयाचे नाही, विचारावयाचे.

दुसरा बदल माझ्या स्वतःच्या अनुभवातून आला. दात काढण्याच्या दिवशीच रुग्णाला एक चिठ्ठी दिली जाते. तीत लिहिलेले असते की या जागेचे हाड येत्या काही महिन्यांत कमी होणार आहे; पुढे इम्प्लान्ट करण्याचा विचार असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. दात काढतानाच खोबण योग्य द्रव्याने भरली तर ही झीज कमी करता येते. थांबवता येत नाही, हेही त्या चिठ्ठीत लिहिले आहे, कारण अर्धे सत्य सांगून विकलेला उपचार धर्मादाय संस्थेला शोभत नाही. ज्याला इम्प्लान्ट करावयाचेच नाही, त्याने हा खर्च करण्याचे काही कारण नाही. पण निर्णय माहिती असताना घेतलेला असावा. २००३ साली मला कोणी हे सांगितले असते, तर मी खोबण भरून घेतली असती की नाही, ठाऊक नाही. तेव्हा खिशात पैसेही बेताचे होते. परंतु वीस वर्षांनी पडद्यावर स्वतःचे हाड पाहून दचकलो नसतो.

आता देणगीदारांसाठी दोन शब्द. मागील बैठकीत एका आदरणीय विश्वस्तांनी प्रश्न विचारला होता : एका रुग्णाच्या हाड भरण्यावर व इम्प्लान्टवर जो खर्च होतो, तेवढ्यात अनेक वृद्धांच्या कवळ्या होतात, मग धर्मादाय पैसा कोठे खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. त्या निधीवर अपघात, बाळंतपण, हृदयविकार, कर्करोग या साऱ्यांचा हक्क आहे. दातांचा क्रम त्यात मागे लागतो, आणि लागावाही. म्हणून दंतविभागासाठी मिळणाऱ्या स्वतंत्र देणग्यांचा क्रम आम्ही असा ठरवला आहे : प्रथम दात वाचवणे, म्हणजे पायोरियाचा उपचार आणि मुळांचा उपचार, दुसरे, ज्यांना मुळीच चावता येत नाही त्यांच्या कवळ्या, आणि तिसरे, अपघाताने, गाठीच्या शस्त्रक्रियेने किंवा जन्मजात दोषाने ज्यांच्या जबड्याचे हाडच गेले आहे अशांचे अस्थिरोपण. अशा रुग्णांना कवळीही नीट धरत नाही, कारण कवळीलाही वरंबाच लागतो. त्यांच्यासाठी हाड भरणे ही हौस नसून दोन घास चावून खाण्याची सोय आहे.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. या रुग्णालयात मी दोन्ही प्रकारची माणसे रोज पाहतो. ज्यांच्याकडे चणे आहेत त्यांनी आपल्या मुठीतले थोडे इतरांसाठी ठेवावे, एवढीच विनंती.

शेवटी माझ्या दाढेविषयी. माझे हाड भरून झाले आहे. स्वतःच्या जबड्याच्या मागच्या भागातील थोडे आणि प्रयोगशाळेतील थोडे, असे मी संमतिपत्र दोनदा वाचून ठरवले. पहिल्या वाचनात एक शब्द कळला नाही, म्हणून गुरुजींच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा विचारले, आणि मला पुन्हा सांगितले गेले. सहा महिने पूर्ण व्हावयाचे आहेत; तोवर उजव्या बाजूने चावतो आहे.

आपणही तसेच करावे. दात काढण्यापूर्वी विचारा. हाड भरण्यापूर्वी विचारा. सही करण्यापूर्वी तर अवश्य विचारा. आणि उत्तर देण्यास आमच्यापैकी कोणी कंटाळा केला, तर तळमजल्यावर लेखाविभागाच्या शेजारी माझी खोली आहे. तिचे दार उघडे असते.